साडेअकरा पौंड, 8 डॉलर आणि 7 किलोंची पिशवी

गेल्या श्रावणात भाची बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी चार दिवस राहून गेली. निघायच्या आदल्या रात्री तिची पिशवी आम्ही लटकवायच्या काट्याला अडकवून पाहिली. विमानात सोबत न्यायला 7 किलोंची मर्यादा, आणि काटा जरा पुढे गेला होता. लॅपटॉप, चार कपडे, दोन माणसांचा छोटा कुकर आणि आईनं दिलेली अर्धा किलो थालीपीठाची भाजणी. शेवटी मेतकुटाची पुडी बाहेर काढली, तेव्हा काटा 6 किलो 900 ग्रॅमवर थांबला. भाजणी काढायला ती तयार झाली नाही. पाणी आणि मीठ मिळालं की जगात कुठेही जेवण होतं, असं तिचं म्हणणं आहे, आणि ते खरं आहे.

अडीच वर्षं ती अशीच राहते आहे. काही महिने नेपाळातलं पोखरा, मग व्हिएतनाममधलं दा नांग, मग थायलंडमधलं चिआंग माई, परत पोखरा. काम संगणकावर करते. घर नाही, गाडी नाही, सामान एवढंच. शेजारच्या काकू दारात येऊन म्हणाल्या, "हे काय नवीन काढलंय तुमच्या पोरीनं?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो आहे, कारण हे नवीन नाही. परदेशी जाऊन कमीत कमी पैशांत, एका जागी न रुजता राहणारी माणसं बडोद्यानं शंभर वर्षांपूर्वी पाहिली आहेत, काहींना तर बडोद्यानंच पाठवलं. कमीत भागवणं त्यांना कधीच जड गेलं नाही. जड गेली ती परवानगी. समुद्र ओलांडायची, पैसे बाहेर न्यायची, आणि कुणाच्या तरी घरात खोली मिळण्याची.

एकोणिसाव्या शतकात पहिली परवानगी जातीकडून घ्यावी लागे. समुद्रगमन निषिद्ध होतं. परत आल्यावर प्रायश्चित्त, नाहीतर पंक्तीतून बाहेर. अशा काळात, 1887 साली, सयाजीराव गायकवाड पहिल्यांदा युरोपला गेले. नाशिककडच्या कवळाण्याचा गोपाळ, म्हणजे हेच सयाजीराव, 1875 साली दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला होता. त्यानं पुढे इतक्या वेळा परदेश पाहिला की दरबारातल्या लोकांना त्याची सवयच झाली. महाराजांचा प्रवास अर्थातच काटकसरीचा नव्हता. पण परवानगीची गोष्ट त्यांनाही चुकली नाही. 1900 साली लॉर्ड कर्झननं परिपत्रक काढून संस्थानिकांच्या परदेशवाऱ्यांना सरकारी संमतीचं कुंपण घातलं. सयाजीरावांना तो अपमान वाटला आणि त्यांनी तो लपवला नाही. स्वतःच्या खजिन्यातून, स्वतःच्या खर्चानं जाणाऱ्या राजालाही विचारून जावं लागत होतं.

त्याच सुमाराला एक गोवेकर तरुण कुणालाही न विचारता निघाला होता. धर्मानंद कोसंबी. सांखवाळचे. 1899 च्या अखेरीस घर सोडलं, पुण्याला आले, तिथून ग्वाल्हेरमार्गे काशी. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बुद्धाचा मूळ धर्म कुठे शिकायला मिळेल एवढा एकच प्रश्न घेऊन नेपाळात गेले, तिथे निराशा झाली, मग बोधगया, आणि 1902 मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय विहारात सुमंगलाचार्यांकडे श्रामणेर, म्हणजे नवशिके भिक्षू, झाले, पाली शिकले, नंतर ब्रह्मदेशातही राहिले. हे सगळं जवळजवळ शून्य पैशांत. मला या माणसाबद्दल फार आदर आहे, आणि त्याचं एक कारण अगदी व्यवहारातलं आहे. आज 'बजेट' म्हणून जे शिकवलं जातं, ते त्यांनी भिक्षापात्रावर निभावलं होतं. भिक्षूच्या नियमात दुपारनंतर जेवण नाही, साठवण नाही, सामान मोजकं. फिरत राहायचं असेल तर याहून हलकी व्यवस्था अजून कुणाला सुचलेली नाही.

आणि त्यांना पासपोर्ट दाखवावा लागला नाही. पहिल्या महायुद्धापूर्वी सामान्य प्रवाशाला तो क्वचितच विचारत. महायुद्धात सरहद्दी आवळल्या गेल्या, 1920 साली राष्ट्रसंघाच्या पॅरिस परिषदेत पासपोर्टच्या पुस्तिकेचा नमुना ठरला, आणि त्याच वर्षी हिंदुस्थानातही पासपोर्टचा कायदा आला. कोसंबींची पहिली वीसेक वर्षांची भटकंती आणि आजची भटकंती यांच्यामध्ये ती पुस्तिका उभी आहे.

बडोद्याचा त्यांच्याशी संबंध आला तो नंतर. कलकत्त्यात पाली शिकवण्याची जास्त पगाराची नोकरी असताना सयाजीरावांनी त्यांना दरमहा 50 रुपये देऊ केले. अट अशी की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि अभ्यासाचं काम लिहून द्यावं. कोसंबींनी ते पत्करलं. मग 1910 साली हार्वर्डच्या जेम्स वूड्स यांच्यामुळे अमेरिकेला गेले, 'विशुद्धिमग्ग' या पाली बौद्ध ग्रंथाच्या संपादनासाठी, आणि त्यानंतर आणखी तीन वेळा. ज्या राजाला स्वतःच्या प्रवासासाठी विचारावं लागत होतं, तो दुसऱ्यांचे खर्च उचलत होता.

1913 चा खर्च सगळ्यांना ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोदे संस्थानची नोकरी करण्याचा करार. त्या साडेअकरा पौंडांतून ते घरीही पैसे पाठवत, आणि उरलेल्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं घेत. पुढे 1920 मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेलं कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले. तेव्हाची त्यांची दिनचर्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. सकाळी घरमालकिणीनं दिलेला पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात, भाडं वाचवायला पायी, आणि रात्री भूक लागली की पापड भाजून. पापड हा तपशील मला नेहमी थांबवतो. भाचीच्या भाजणीसारखाच तो प्रकार. हलका, टिकाऊ, घरचा.

पण आमच्या गावाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट या दोन परदेशवाऱ्यांच्या मधे आहे. 1917 मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. न्यूयॉर्कमध्ये त्यांना खोली मिळाली होती, लंडनमध्येही. बडोद्यात मिळाली नाही. एका पारशी सरायीत नाव बदलून राहिले. 11व्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं, दोघांनीही टाळलं. मुंबईची गाडी रात्री होती. तोवरचे काही तास त्यांनी कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. ती जागा आता संकल्पभूमी आहे. मी शाळेत असताना त्या बागेत प्राणिसंग्रहालय बघायला जायचो, आणि हे मला कुणीही सांगितलेलं नव्हतं. याचा राग अजून आहे. त्यांनी पुढे लिहिलेल्या आत्मकथनपर टिपणांचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असं आहे. त्यात या बडोद्याच्या दिवसाचीही हकिगत आहे. व्हिसा हा शब्द त्यांनी आपल्याच देशातल्या दारांसाठी वापरला.

स्वातंत्र्यानंतर दारं उघडली असं वाटतं, पण पैशाचं दार उलट घट्ट झालं. परकीय चलनाची चणचण होती. आमचे मोठे काका कलाभवनात, म्हणजे विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत, शिकून 1968 साली अमेरिकेला गेले. अमेरिकेनं 1965 मध्ये कायदा बदलला, तोवर भारतीयांना वर्षाला स्थायिक होण्यासाठी फक्त 100 जागा होत्या. काकांचा जुना पासपोर्ट अजून आमच्या लोखंडी कपाटात आहे. मागच्या पानावर बँकेचा गोल शिक्का आणि शाईनं लिहिलेलं 8 डॉलर. तेवढंच चलन बरोबर न्यायची मुभा होती. तिकिटासाठीही रिझर्व्ह बँकेचा 'पी फॉर्म' मंजूर करून घ्यावा लागे. काकांनी पहिली रात्र विमानतळावरून फोन करून एका अनोळखी मराठी विद्यार्थ्याच्या खोलीत जमिनीवर काढली. पुढची दोन वर्षं ते चौघांत एक खोली करून राहिले. त्यांनी घरी पाठवलेल्या निळ्या हवाई पत्रांत, म्हणजे एरोग्रॅममध्ये, कडेकडेनं तांदळाचे भाव लिहिलेले आहेत.

त्याआधी एकच वर्ष, 1967 मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं सतवंतसिंग साहनी प्रकरणात निर्णय दिला होता की परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात मोडतो. तोवर पासपोर्ट देणं-न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. निर्णयानंतर त्याच वर्षी पासपोर्ट कायदा झाला. काकांच्या पुस्तिकेत तरीही कुठल्या कुठल्या देशांसाठी ती चालेल याची यादी आहे.

याच काळात गोरी मुलं उलट दिशेनं येत होती. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, काठमांडू, बसनं आणि मिळेल त्या गाडीनं. स्वस्तात जग फिरण्याची जी भाषा आज मराठी मुलांच्याही तोंडी आहे, ती त्या वाटेवर तयार झाली. 1979 मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या, आणि वाट बंद पडली. पण त्या भाषेत एक गृहीत धरलेलं असे, की खिशात पौंड किंवा डॉलर आहे. पौंड असलेल्याला काठमांडू स्वस्त, आणि बडोद्यात रुपये कमावणाऱ्याला इस्तंबूल महाग. म्हणून परदेशी मार्गदर्शकांमधले खर्चाचे आकडे आपल्या मुलांनी जसेच्या तसे घेऊ नयेत असं मला कळकळीनं वाटतं. आपल्या उपयोगाचे हिशेब कोसंबींच्या आणि काकांच्या वाटेवर सापडतात.

भारताचं पैशाचं दार 1991 नंतर सैल झालं. 1973 चा 'फेरा' हा परकीय चलनाचा कडक कायदा जाऊन 1999 मध्ये त्याजागी सैल 'फेमा' आला. 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेनं कुणालाही वर्षाला 25,000 डॉलर बाहेर पाठवायची मुभा दिली, आता ती मर्यादा 2,50,000 आहे. काकांच्या 8 डॉलरशेजारी हा आकडा ठेवला की वाटतं, आता अडथळा उरला नाही.

उरला आहे. तो आता समोरच्या देशाच्या खिडकीत बसतो. 'डिजिटल नोमॅड', म्हणजे संगणकावर काम करत देशोदेशी फिरणारा, हा शब्द 1997 साली त्सुगिओ माकिमोतो आणि डेव्हिड मॅनर्स यांच्या पुस्तकानं रुळवला. पण सरकारांनी त्याला मान्यता दिली ती करोनानंतर. 2020 मध्ये एस्टोनिया आणि बार्बाडोस यांनी असा खास परवाना सुरू केला, मग बऱ्याच देशांनी. बार्बाडोसला वर्षाचं 50,000 डॉलर उत्पन्न दाखवावं लागतं. थायलंडनं जुलै 2024 मध्ये पाच वर्षांचा व्हिसा आणला, एका वेळी 180 दिवस राहता येतं, पण बँकेत 5 लाख बाट हवेत. म्हणजे कमीत राहण्यासाठी जो निघाला आहे, त्यानं आधी भरपूर असल्याचा पुरावा द्यायचा. भाचीकडे तो नाही. मग ती दुसऱ्या दारांनी जाते. नेपाळला भारतीयांना व्हिसाच लागत नाही, 1950 च्या करारापासून, आणि 1993 पासून तिथे आपल्या 100 रुपयांचे 160 नेपाळी रुपये होतात, भाव हलत नाही. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट 2023 पासून 90 दिवसांचा झाला. थायलंडनं जुलै 2024 मध्ये भारतीयांना 60 दिवस व्हिसाविना येऊ दिलं, मलेशियानं डिसेंबर 2023 पासून 30. मात्र पर्यटक म्हणून शिरून तिथे काम करणं नियमात बसत नाही, हे मी तिला सांगतो आणि तिलाही माहीत आहे. खोलीत बसून पुण्याच्या गिऱ्हाइकाचं काम करणं म्हणजे त्या देशात काम करणं का, याचं सरळ उत्तर प्रत्येक कायद्यात नाही, आणि त्या भोकात हजारो जण राहत आहेत.

खोलीचं दार अजून तसंच आहे, फक्त प्रश्न बदलले. गेल्या वर्षी एका शहरात तिला घरमालकानं तिचा देश ऐकल्यावर खोली भरली असल्याचं सांगितलं, आणि तासाभरानं तीच खोली तिच्या जर्मन मैत्रिणीला मिळाली. मैत्रिणीनं ती घेतली नाही. दोघी दुसरीकडे राहिल्या.

तिची खर्चाची वही मी या वेळी मागून घेतली आणि सावकाश वाचली. डाव्या बाजूला पैसे आहेत: खोली, सिमकार्ड, अंडी, बस, तांदूळ. काकांच्या एरोग्रॅमसारखाच तांदूळ जागोजाग. उजव्या बाजूला दुसरा रकाना आहे आणि त्यात फक्त दिवस आहेत. दा नांग 90 पैकी 71. चिआंग माई 60 पैकी 58. शेवटच्या पानावर भारतातले दिवस वेगळे मोजले आहेत, कारण करासाठी 182 चा आकडा लक्षात ठेवावा लागतो. आमच्याकडचे चार दिवसही तिनं त्यात लिहून टाकले होते.