लॉन्चर काढला की गेमही जातात : ही रीत आली कुठून?

गेम लॉन्चर म्हणजे पीसीवर गेम विकत घ्यायचं, उतरवायचं आणि चालू करायचं ॲप. तो अनइन्स्टॉल करणारा माणूस बहुतेक वेळा गेम सोडायला निघालेला नसतो. लॉन्चर अपडेटवर अडकतो, लॉगिन घेत नाही, नुसता काळा स्क्रीन दाखवतो; मग जो तो एकच उपाय सांगतो, काढून परत टाक. लॉन्चर डाउनलोड करायला असा किती वेळ लागणार? पण काही लॉन्चर जाताना आपल्या फोल्डरमधले सगळे गेम घेऊन जातात, आणि तसं आधी सांगत नाहीत. इंदिरानगरपासून नाशिकरोडपर्यंत पीसीवर खेळणाऱ्या पोरांच्या कुठल्याही कंपूत विचारा, हा फटका बसलेला एक तरी जण भेटतोच.

विंडोज ९५ पासून प्रोग्रॅम काढण्यासाठी कंट्रोल पॅनलमध्ये वेगळी जागा आली आणि प्रत्येक प्रोग्रॅमने स्वतःचा अनइन्स्टॉलर सोबत आणायची रीत पडली. नीट बनवलेला अनइन्स्टॉलर कुठली फाइल कुठे ठेवली याची नोंद ठेवतो आणि तेवढ्याच फाइली पुसतो. आळशी अनइन्स्टॉलर सरळ अख्खा फोल्डर उडवतो. त्याचं काय होतं हे १९९८ च्या डिसेंबरातच दिसलं होतं. 'मिथ २' हा गेम कुणी वेगळा फोल्डर न करता थेट ड्राइव्हच्या मुळाशीच इन्स्टॉल केला असेल, तर अनइन्स्टॉल करताना पूर्ण ड्राइव्ह साफ होत असे. कंपनीला प्रती परत मागवाव्या लागल्या.

नाशिकला याची झळ तेव्हा लागली नाही, कारण इथली सवयच वेगळी होती. गेम सीडीवर यायचे, नाहीतर एकाची हार्डडिस्क दुसऱ्याच्या पीसीला लावून रात्रभर कॉपी चालायची. गेम डी ड्राइव्हला ठेवायचा आणि विंडोज बिघडलं की सी ड्राइव्ह फॉरमॅट मारायची, हे सिडकोतल्या शाळकरी मुलालाही पाठ होतं. फॉरमॅटनंतर डीमधल्या फोल्डरमध्ये जाऊन डबल क्लिक केलं की बरेच गेम जसेच्या तसे चालू व्हायचे. डी ड्राइव्हवर ठेवलेलं आपलं, त्याला आपल्याशिवाय कुणी हात लावत नाही, हा भरवसा त्या काळातला आहे.

लॉन्चरने हे बदललं. स्टीम नावाचा लॉन्चर सप्टेंबर २००३ मध्ये आला आणि नोव्हेंबर २००४ मध्ये 'हाफ-लाइफ २' डिस्कवरून घेतला तरी स्टीमशिवाय चालेना. गेम आता लॉन्चरच्या पोटातल्या 'स्टीमॲप्स' फोल्डरमध्ये बसू लागले. फोल्डर आपल्याच डिस्कवर, पण मांडणी लॉन्चरची. बीएसएनएलच्या ब्रॉडबँडवर रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असायचं, त्या वेळेचा अलार्म लावून लोकांनी गेम उतरवले. मध्येच लोडशेडिंग झालं की ती रात्र गेली.

खरा वाद आहे तो एका निर्णयाचा. लॉन्चर काढताना गेमही काढायचे की ठेवायचे? काढायचे म्हणणाऱ्यांचा मुद्दा बिनबुडाचा नाही. लॉन्चर नसेल तर त्यातले बरेचसे गेम सुरूच होत नाहीत. मग शंभर जीबीचा निरुपयोगी ढिगारा डिस्कवर पडून राहतो, त्याला कंट्रोल पॅनलमध्ये धड नोंदही उरत नाही, आणि नवख्या माणसाला जागा कुठे गेली ते कळत नाही. ठेवायचे म्हणणारे सांगतात की लॉन्चर हे दुकान आहे आणि गेम हा विकत घेतलेला माल. दुकानाने शटर ओढताना गिऱ्हाईकाच्या घरातला माल उचलून नेऊ नये. मला दुसरी बाजू पटते. पहिली मान्य केली तरी न विचारता पुसण्याचं समर्थन त्यातून निघत नाही. एक चौकट दाखवायची, त्यात गेमची नावं आणि त्यांचा आकार लिहायचा, 'ठेवा' आणि 'काढा' अशी दोन बटणं द्यायची. एवढंच तर काम आहे. स्टीमच्या मदतपानावर निदान स्पष्ट लिहिलेलं आहे की लॉन्चरसोबत गेमही जातील, आणि ते वाचवायचे तर 'स्टीमॲप्स' आधी दुसरीकडे हलवा. पण लॉन्चर बिघडल्यावर वैतागलेला माणूस मदतपान उघडून बसत नाही.

आमच्या ओळखीतल्या एका मुलाने लहान एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, विंडोज ठेवलं होतं, आणि लॉन्चर व त्याखाली सगळे गेम डी ड्राइव्हवर. लॉन्चर काढताना अनइन्स्टॉलची हिरवी पट्टी संपायला नेहमीपेक्षा वेळ लागतोय, एवढंच त्याला जाणवलं. नंतर 'धिस पीसी' उघडलं तर जागा भरल्यामुळे डी ड्राइव्हची कायम लाल असणारी पट्टी निळी झालेली. रिसायकल बिन रिकामं, कारण अनइन्स्टॉलरने पुसलेलं तिथे जातच नाही.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या (विंडोजऐवजी काही जण वापरतात त्या प्रणालीवरच्या) स्टीमने तर कहर केला. एकाने स्टीमचा फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवला होता. स्टीमच्या स्क्रिप्टला, म्हणजे हुकमांच्या छोट्या यादीला, आपल्या फोल्डरचा पत्ता सापडला नाही, पत्त्याची जागा रिकामी राहिली आणि 'या फोल्डरमधलं सगळं पुसा' हा हुकूम संगणकाच्या मुळापासून लागू झाला. त्या माणसाच्या स्वतःच्या सगळ्या फाइली गेल्या, बॅकअपसाठी जोडलेल्या ड्राइव्हवरच्यासुद्धा. त्या ओळीच्या वर स्क्रिप्ट लिहिणाऱ्यानेच 'भीतीदायक!' अशी टीप लिहून ठेवली होती. कळत होतं, तरी ओळ तशीच ठेवली. चूक पुढे दुरुस्त झाली.

त्याच वर्षी 'जीटीए ५' पीसीवर सात डीव्हीडींमध्ये आला, आणि नोव्हेंबरात स्टीमवर रुपयांत किमती दिसू लागल्या. मे २०२० मध्ये, लॉकडाउनमध्ये, तोच गेम दुसऱ्या एका लॉन्चरवर आठवडाभर फुकट मिळाला आणि ज्यांनी आयुष्यात लॉन्चर पाहिला नव्हता त्यांच्याही पीसीवर तो बसला. आता एकेका पीसीवर तीन-चार लॉन्चर असतात आणि प्रत्येकाचा कायदा वेगळा.

नुकसान किती, ते इंटरनेटवर ठरतं. १०० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या फायबरवर सव्वादोन तासांत परत येतो. जुन्या २ एमबीपीएसच्या लाइनवर त्यालाच साडेचार दिवसांहून जास्त लागले असते, आणि मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीत दोन महिन्यांहून अधिक. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये ज्याला फायबर आहे तो चिडून सोडून देतो. खोलीवर राहून हॉटस्पॉटवर भागवणाऱ्या विद्यार्थ्याचा तो गेम गेल्यातच जमा.

सेव्ह फाइलींची, म्हणजे खेळात कुठवर पोचलो याच्या नोंदीची, गोष्ट आणखी बिकट. स्टीमने क्लाउडवर सेव्ह ठेवण्याची सोय २००८ मध्ये आणली, पण ती प्रत्येक गेमला नसते. काही गेम सेव्ह 'डॉक्युमेंट्स'मध्ये ठेवतात, काही विंडोजच्या 'ॲपडेटा' या लपलेल्या फोल्डरमध्ये, आणि काही थेट गेमच्याच फोल्डरमध्ये. पहिल्या दोन बहुधा वाचतात. तिसऱ्या प्रकारातली सेव्ह गेमसोबत जाते, आणि डिस्क एसएसडी असेल तर रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही सहसा काही सापडत नाही, कारण पुसलेली जागा एसएसडी स्वतःच आतून रिकामी करून टाकते.