एका सेकंदाची उघडझाप

दिवाळीच्या सुट्टीत आकाशकंदिलात आर्डुइनो हा संगणकावरून आज्ञा भरता येणारा छोटा बोर्ड बसवून एलईडी लुकलुकवणारी शाळकरी मुले ठाण्यात आता नवलाची राहिलेली नाहीत. या बोर्डावरचा पहिला धडा बहुतेक ठिकाणी एकच असतो : 13 क्रमांकाच्या पिनेला जोडलेला एलईडी एक सेकंद पेटवायचा आणि एक सेकंद विझवायचा. हीच उघडझाप पूर्वी सोल्डरिंगच्या बळावर घडवावी लागे.

निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत लाल प्रकाशाचा एलईडी तयार केला आणि हान्स कॅमेंझिंड यांनी आखलेला 555 टायमर, म्हणजे ठरावीक वेळाने विद्युत संकेत चालू-बंद करणारी चिप (आयसी), 1972 मध्ये बाजारात आला. या जोडीवर नवशिक्यांच्या पिढ्या शिकल्या. ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलायची, ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवरून आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर सुटे आणायचे. त्या सर्किटमध्ये उघडझापीचा वेग या सुट्या भागांतच बांधलेला असे. 10 मायक्रोफॅरडऐवजी 100 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की एका आवर्तनाला दहापट वेळ लागे, आणि तेवढ्या बदलासाठी जुना डाख वितळवून भाग काढावा लागे.

मायक्रोकंट्रोलर, म्हणजे आज्ञावली भरून हवे ते काम करून घेता येणाऱ्या चिप, तेव्हाही होते. इंटेलचा 8051 हा 1980 चा, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची पुढे अनेक वर्षे त्याच्याशीच पहिली ओळख होई. मात्र चिप सॉकेटमधून उपसून वेगळ्या प्रोग्रॅमरमध्ये, म्हणजे आज्ञावली भरणाऱ्या यंत्रात, बसवणे, आणि चिपच्या मूळ आज्ञांच्या असेंब्ली भाषेत एका सेकंदाचा विलंबही चिपच्या घड्याळाचे ठोके मोजून लिहिणे, हे शाळकरी मुलाच्या आवाक्यातले नव्हते.

ही अडचण दूर झाली ती इटलीतील इव्रिया या गावी. तेथील इंटरॅक्शन डिझाइन संस्थेत कोलंबियाचे एर्नांदो बारागान यांनी 2003 मध्ये आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी ‘वायरिंग’ हे बोर्ड आणि सोपी प्रोग्रॅमिंग भाषा यांचे साधन रचले, ज्यात पिन चालू-बंद करणे आणि अमुक मिलिसेकंद थांबणे यांसाठी एकेक सोपी आज्ञा होती. मास्सिमो बान्झी, दाविद कुआर्तिएयेस आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये त्याच पायावर, अधिक स्वस्त चिप वापरून आर्डुइनो उभे केले. बान्झींचे नाव सर्वत्र घेतले जाते, बारागान यांचे क्वचितच. शिकवणाऱ्यांनी तरी ही उणीव भरून काढावी, असे मला मनापासून वाटते. चिपमध्ये आधीच भरलेल्या बूटलोडरमुळे, म्हणजे संगणकाकडून नवी आज्ञावली थेट उतरवून घेणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममुळे, वेगळ्या प्रोग्रॅमरची गरज संपली, आणि बोर्डाचा आराखडा खुला ठेवल्यामुळे त्याच्या स्वस्त आवृत्त्या लॅमिंग्टन रोडवरही मिळू लागल्या. आता थांबण्याच्या दोन्ही आज्ञांत 1000 मिलिसेकंदांच्या जागी 100 लिहिले की उघडझाप दहापट जलद होते.

एलईडीतला प्रवाह मर्यादेत ठेवणाऱ्या रेझिस्टरचे गणित मात्र बोर्डाने सोपे केलेले नाही. पिनेवर 5 व्होल्ट असतात, लाल एलईडीवर सुमारे 2 व्होल्ट खर्च होतात आणि उरलेल्या 3 व्होल्टांमुळे 220 ओहमच्या रेझिस्टरमधून साधारण 14 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. शूजी नाकामुरा यांच्या संशोधनातून 1993 मध्ये तेजस्वी निळा एलईडी बाजारात आला. तो सुमारे 3 व्होल्ट घेत असल्याने त्याच रेझिस्टरमधून प्रवाह 9 मिलिअँपिअरच मिळतो, आणि म्हणून कंदिलात रंग बदलला की हे गणित पुन्हा मांडावे लागते.