भिंतीपलीकडची धडधड

मिरवणुकीतली डीजेची भिंत गल्लीतून जाताना खिडकी लावून घेतली की गाण्याचे शब्द विरतात. पण धडधड काही जात नाही, फडताळातली स्टीलची भांडी थरथरतच राहतात. बर्लिनमध्ये क्लबशेजारी राहणाऱ्यांचा वैताग हाच, फक्त तो वर्षभराचा.

तिथल्या प्रेन्झलाउअर बर्ग भागातला क्नाक क्लब १९५२ पासूनचा. शेजारी नवी राहती इमारत झाली, आवाजाच्या तक्रारी सुरू झाल्या आणि २०१० च्या अखेरीस क्लबला टाळं लागलं. आधीपासून आम्हीच इथे होतो, हे म्हणणं कामी आलं नाही. असे क्लब वाचावेत आणि शेजाऱ्यांनाही झोप मिळावी म्हणून २०१८ मध्ये बर्लिनच्या राज्य सरकारने १० लाख युरोंचा ध्वनिरोधन निधी काढला. त्याचा कारभार क्लबचालकांच्याच संघटनेकडे, म्हणजे क्लब कमिशनकडे दिला.

आवाज कमी करायला सरकारचे पैसे कशाला, बटण फिरवलं की झालं, असं कुणालाही वाटेल. पण बास, म्हणजे गाण्यातले खोल, धडधडणारे स्वर, फार चिवट असतो. ५० हर्ट्झच्या स्वराची एक लाट जवळपास ७ मीटर लांब. दोन इंची फोम किंवा अंड्यांचे ट्रे तिच्या खिजगणतीतही नसतात. त्यांनी खोलीतला घुमारा कमी होतो, शेजाऱ्याला फरक पडत नाही. बरं, भिंत जाड करावी, तर वजन दुप्पट केल्यावर पदरात पडतात जेमतेम ६ डेसिबल. आत १०० डेसिबल आणि जर्मन नियमानुसार वस्तीत रात्री दहा ते सहा मर्यादा ४० ची. ही ६० डेसिबलची तफावत म्हणजे ऊर्जेत दहा लाख पट.

म्हणून खोलीत खोली बांधतात. आतली भिंत बाहेरचीला कुठेही न टेकवता उभी करायची, मधल्या पोकळीत खनिज लोकर भरायची, जमीन रबराच्या ठोकळ्यांवर तरंगती ठेवायची, स्पीकर स्प्रिंगवर टांगायचे. एखादा खिळा दोन्ही भिंतींना जोडून गेला तरी धडधडीला वाट मिळते. पोकळी फार अरुंद ठेवली तर गंमतच होते: मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि नेमक्या एखाद्या खोल स्वराला भिंतच साथ द्यायला लागते. अशा वेळी खर्च करूनही आवाज वाढतो! त्यामुळे गवंड्याआधी ध्वनितज्ज्ञाला बोलवावं लागतं, आणि त्याचंही बिल येतंच.

मापनातही मेख आहे. नेहमीचं मापन माणसाच्या कानाच्या बेताने केलेलं असल्याने ५० हर्ट्झच्या स्वरातून तब्बल ३० डेसिबल वजा धरतं. आकडा नियमात आणि पलंग मात्र हादरतोय, असं होऊ शकतं. म्हणून खोल स्वर वेगळे तपासावे लागतात.

दाराचा उपाय त्या मानाने सोपा. एकामागे एक दोन जड दारं, मध्ये छोटा बोळ, आणि एक मिटल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पण पहाटे चारला सिगारेट ओढायला त्या दारातून बाहेर आलेली आणि फुटपाथवर खिदळत उभी राहिलेली मंडळी मात्र खोलीतल्या खोलीत कोंडता येत नाहीत.