गारठ्यातली ड्युटी : मालक, ठेकेदार, मुकादम सगळ्यांनी वाचा

उन्हाळ्यात आपल्याकडं कामाच्या जागेवर थोडीफार तरी तयारी असते. पारा ४२-४३ ला गेला की साइटवर माठ येतो, दुपारचं काम थांबवायची भाषा होते, उष्माघाताच्या बातम्या येत असतात म्हणून मालक लोकही जरा दबून असतात. थंडीत मात्र कुणी काहीच करत नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात एकच, मराठवाड्यात कसली आलीय थंडी, स्वेटर घातला की झालं. दिवसा ऑफिसात बसणाऱ्यासाठी ते खरंही आहे. पण पहाटे अंधारात उसाच्या फडात उतरणारी जोडी, वाळूजला कंपनीच्या गेटवर रात्र काढणारा वॉचमन, रात्रीच्या लाइटीवर हरभऱ्याला पाणी देणारा सालगडी, ह्यांच्या वाट्याला येते ती थंडी वेगळीच असते.

त्याचं कारण साधं आहे. हिवाळ्यात आपल्याकडं आभाळ निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळं दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी उष्णता वर सोडून देते, अडवायला ना ढग ना बाष्प. म्हणून दुपारी ३० अंश आणि पहाटे १० अंश असं एकाच दिवसात होतं, परभणीत तर काही वर्षी पारा ५ च्याही खाली गेलाय. आणि सगळ्यात जास्त गारठा मध्यरात्री नसतो, दिवस उगवायच्या आसपास असतो, कारण तोपर्यंत जमीन थंडच होत राहते. इकडं माणसाच्या शरीराचं स्वतःचं तापमान पण पहाटे ४-५ च्या सुमारास सगळ्यात खाली असतं, झोपही तेव्हाच सगळ्यात जड असते. म्हणजे बाहेर गारठा वाढतोय आणि माणूस आतून ढिला पडतोय, दोन्ही जवळपास एकाच वेळेला, आणि आपण नेमकी तीच वेळ काम सुरू करायला किंवा पाळी बदलायला निवडलेली असते.

आता माझं मुख्य म्हणणं. आपल्याकडच्या १० अंशात धडधाकट माणूस नुसत्या गारठ्यानं सहसा दगावत नाही. जीव जातो तो थंडी घालवायला त्याच्या हाताशी जे काही असतं त्यानं. मालकानं ऊब दिली नाही तर कामगार ती कुठून ना कुठून मिळवणारच, आणि मग त्याला कोळसा सापडतो, दारू सापडते, नाहीतर मशीनजवळ अंगाला गुंडाळलेली शाल.

कोळशापासून सुरू करू, कारण ह्यात सगळ्यात जास्त फसगत आहे. वॉचमनची केबिन म्हणजे पत्र्याचा डबा, दोन माणसं जेमतेम बसतील एवढा. बाहेर घमेल्यात लाकडं पेटवायची, धूर निघेपर्यंत बाहेर ठेवायची, आणि लाल निखारे उरले की घमेलं आत घेऊन दार लावायचं. धूर थांबला म्हणजे धोका गेला असं सगळे समजतात, पण धगधगणारा निखारा हाच कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो, आणि ह्या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्याला झोंबत पण नाही. तो फुप्फुसातून रक्तात जातो आणि हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटीहून जास्त घट्ट चिकटतो. मग माणूस श्वास घेत असतो, छाती हलत असते, पण मेंदूला ऑक्सिजन पोचतच नाही. सुरुवातीला डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं, आणि थंडीचे दिवस असल्यामुळं त्याला वाटतं सर्दी झाली असेल, जरा पडावं. त्या झोपेतून तो उठत नाही.

ओळखायची एक खूण लक्षात ठेवा, एकाच खोलीतल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर हलकं वाटलं, तर ती सर्दी नाही. लगेच सगळ्यांना बाहेर काढायचं आणि १०८ ला फोन करायचा. कोरोनापासून बऱ्याच जणांकडं बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आलाय, पण इथं त्याच्यावर विसंबू नका, कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त त्या मशीनला ऑक्सिजनवालंच वाटतं आणि ते खुशाल ९८ दाखवतं. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायलाच चार-पाच तास लागतात, मास्क लावून शुद्ध ऑक्सिजन दिला तर तेवढाच साधारण तास-दीड तासात उतरतो, म्हणून दवाखाना लागतोच. लेबर क्वार्टरच्या बंद बाथरूममधला गॅस गिझर आणि बंद शेडमधला जनरेटर, दोन्हीलाही हेच लागू.

मग वॉचमननं कुडकुडत बसायचं का, तर अजिबात नाही, ही जबाबदारी मालकाची आहे. शेकोटी करायचीच तर उघड्यावर, केबिनपासून लांब. केबिनमध्ये पायाखाली लाकडी फळी टाका, कारण सिमेंटचा कोबा बुटातून सुद्धा पायाची ऊब ओढून घेतो. वारं येतं त्या बाजूला आडोसा करा पण वरची खिडकी उघडी राहू द्या. एक चांगलं जाड जॅकेट, कानटोपी, थर्मास भरून चहा किंवा गरम पाणी, आणि दर तासाला सुपरवायझरचा एक फोन. तो फोन नुसता हजेरीसाठी नको, दोन वाक्यं बोला. जीभ जड झाली असेल, उत्तरं अडखळत येत असतील तर झोप, गारठा, दारू, वायू, काहीही असू शकतं आणि कुणीतरी जाऊन बघणं गरजेचं आहे.

आता फडाकडं. बीड, धाराशिव, जालना ह्या भागातून दिवाळीच्या पुढंमागं ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात आणि अख्खा हिवाळा कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत काढतात. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी, बाई तीन वाजता उठून भाकरी थापते आणि दोघं अंधारात फडात. उसाच्या पानावर दव असतं, पाचट काढता काढता बाह्या कोपरापर्यंत ओल्या होतात. गारठा लागला की शरीर पहिलं काम करतं ते हातापायाचं रक्त कमी करून पोटातली, छातीतली ऊब वाचवायचं. हाताच्या कातडीचं तापमान १५ अंशांच्या खाली गेलं की बोटांची चपळाई कमी व्हायला लागते, अजून खाली गेलं की स्पर्शच नीट कळत नाही. म्हणजे उजव्या हातातल्या कोयत्याची मूठ किती घट्ट धरलीय हे त्या हाताला कळत नाही, आणि डाव्या हातानं ऊस नेमका कुठं धरलाय हे डाव्याला कळत नाही, आणि अशा दोन हातांत मिळून एक धारदार पातं. कापलं तरी लगेच दुखत नाही, रक्त दिसल्यावर समजतं. "लई गार पडायलंय" एवढंच म्हणून माणसं परत वाकतात, कारण मजुरी टनावर आहे आणि कामाचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड.

मुकादम आणि कारखान्याच्या शेतकी विभागानं इथं करण्यासारखं बरंच आहे. डिसेंबर-जानेवारीत तोड एक तास उशिरा सुरू करा आणि त्या तासाचा खाडा लावू नका, गाड्यांचं नियोजन त्या हिशोबानं बसवता येतं. ओल्या बाह्या बदलायला एक कोरडा सदरा आणि रबरी पकड असलेले हातमोजे द्या, लोकरीचे दिले तर कोयता सटकतो. कोयता उचलायच्या आधी एक साधी तपासणी करून बघता येते, अंगठ्यानं करंगळीला चटकन टेकता येतंय का. येत नसेल तर आधी हात शेकायचे, काखेत धरायचे, मग काम.

ओलं अंग हा विषय सालगड्याच्या बाबतीत तर जास्तच गंभीर आहे. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगानं अंगातली उष्णता ओढतं, म्हणून ८ अंशात कोरड्या अंगानं चालणारा माणूस आणि त्याच ८ अंशात पाटात घोट्यापर्यंत उभं राहून दारं धरणारा, म्हणजे पिकाला पाणी वळवणारा माणूस ह्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. हुडहुडी भरली की शरीर अजून लढतंय असं समजायचं. हुडहुडी थांबली, पण माणूस बडबडायला लागला, पाय अडखळायला लागले, तर शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलेलं असू शकतं, तेव्हा ओले कपडे काढून, गोधडीत गुंडाळून दवाखाना गाठायचा. आणि दारू अजिबात नको. दारूनं कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, अंग गरम झाल्यासारखं वाटतं आणि आतली ऊब मात्र भराभर बाहेर जाते. गडी रात्री शेतावर पाठवायचा असेल तर गमबूट, बॅटरी, जोडीला दुसरा माणूस, आणि स्टार्टरला ओल्या हातानं हात लावायची वेळच येऊ नये अशी व्यवस्था, हे शेतमालकाचं काम आहे. दिवसाची लाइट मिळत असेल तर रात्री पाठवूच नका.

कपड्यांबद्दल एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. तुरीच्या मळणीला, सेलू-मानवतच्या जिनिंगला (कापसातून सरकी वेगळी करतात तिथं), गुऱ्हाळाला, सगळीकडं सकाळी माणसं मफलर आणि शाली गुंडाळून मशीनवर उभी असतात. शालीचं एक टोक मशीनच्या पट्ट्यात गेलं की सोडवायला वेळच मिळत नाही. मशीनजवळ बंद गळ्याचं, अंगाबरोबर बसणारं जॅकेट आणि कानटोपी, ती मालकानं विकत आणून द्यायची, मफलर खुंटीला. जिनिंगमध्ये तर कापूस अगदी कोरडा झालेला असतो, कपाशीतून आलेला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा रोलरमध्ये ठिणगी पाडायला पुरतो, तिथं यार्डात शेकोटी किंवा बिडी कुणालाच चालू देऊ नका.

रस्त्याचं पण बघा, कारण पाळीला येणंजाणं कामाचाच भाग आहे. १० अंशात ६० च्या स्पीडनं मोटरसायकल चालवली तर उघड्या कातडीला साधारण ५ अंशासारखं लागतं, ब्रेकवरची बोटं आखडतात. ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, समोरचं दिसून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद धरला तरी २५ मीटर गेले, आणि धुक्यात पुढं उभी असते उसानं भरलेली, बंद पडलेली ट्रॉली, मागं लाइट नाही, रेडियम नाही, चाकाला दगड लावलेले. कारखान्यांनी गव्हाणीला, म्हणजे ऊस उतरवायच्या जागी, गाडी घ्यायच्या आधी मागच्या आणि बाजूच्या रेडियम पट्ट्या बघितल्या तर कितीतरी जीव वाचतील. ट्रॉली काढून नेताना दगड रस्त्यातून उचलायला पण सांगा.

मालकांनी हे पण माहीत करून घ्यावं की २००३ साली एका साखर कारखान्याचा वॉचमन पहाटे ३ च्या ड्युटीला मोटरसायकलवर जाताना कारखान्यापासून साधारण ५ किलोमीटरवर अपघातात गेला होता. उस्मानाबादला कुटुंबाला भरपाई मंजूर झाली, हायकोर्टात ती रद्द झाली, आणि जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ती पुन्हा कायम केली. वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर घर ते कामाची जागा हा प्रवास कामाचाच धरायचा, असं कोर्टानं सांगितलं. त्याच्या बायकोला आणि लेकरांना बावीस वर्षं वाट बघावी लागली. पहाटेच्या पाळीला कंपनीची बस किंवा जीप लावणं ह्यापेक्षा नक्कीच स्वस्त आणि माणुसकीचं आहे.

राहिला हृदयाचा विषय. गारठ्यानं रक्तवाहिन्या आकसतात, बीपी वाढतं, तहान कमी लागते म्हणून पाणी कमी प्यायलं जातं आणि रक्त दाट होतं, त्यात पहाटे एकदम जड काम. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीसमोर घामाघूम झालेला माणूस तसाच बाहेरच्या गारठ्यात येतो, त्याला कोरडा सदरा आणि आत बसून दहा मिनिटं निवायची जागा पाहिजे. कूलरचं गार पाणी हिवाळ्यात कुणी पीत नाही, कोमट पाणी ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झालेत, त्यात चाळिशीच्या पुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी आहे, ती मार्चमध्ये कागद पुरे करायला करण्यापेक्षा नोव्हेंबरात करा, बीपी ज्याचं जास्त निघेल त्याला दोन महिने पहाटेच्या जड कामावर टाकू नका, आणि पगार कापू नका, नाहीतर पुढच्या वर्षी कुणी बीपी मोजूच देणार नाही. आणि पहाटे कुणाच्या छातीत दुखलं, डावा हात किंवा जबडा भरून आला, गार घाम सुटला, तर गॅस झाला म्हणून सोडा पाजत बसू नका, तिथंच बसवा, चालवू नका, आणि आधी गाडी बोलवा.