पार्श्वभूमी: कॉम्प्युटरवरचे आरपीजी कधी आणि का ओसरले

2023 मध्ये 'बाल्डर्स गेट 3'ने वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचे बहुतेक सगळे मोठे पुरस्कार पटकावले. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या होस्टेलांत लॅपटॉपवर हा खेळ लावणाऱ्या पोरांना साहजिकच प्रश्न पडतो की आधीचे दोन भाग कधी आले, आणि मधली इतकी वर्षं ही मालिका होती कुठं? दुसरा भाग 2000 सालचा. त्यानंतर काही वर्षांतच ही मालिकाच नव्हे, तर पीसीवरच्या जुन्या वळणाच्या आरपीजींचा (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र घडवून त्याची गोष्ट पुढं नेण्याचे खेळ) सगळा प्रकारच मोडीत निघाल्यात जमा होता.

मूळ 1974 चं आहे. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' काढला. कागद, पेन्सिल, फासे आणि गोष्ट पुढं नेणारा एक जण, एवढंच त्याचं भांडवल. हिशेब ठेवणं आणि फासे टाकणं ही कामं कॉम्प्युटरला सहज जमणारी, त्यामुळं हा खेळ तिकडं जाणारच होता. 1981 मध्ये रिचर्ड गॅरियटचा 'अल्टिमा' आणि ग्रीनबर्ग-वुडहेड जोडीचा 'विझर्ड्री' आला आणि पुढची दहा-बारा वर्षं या प्रकाराचं राज्य राहिलं.

त्या काळातली एक गोष्ट जवळून बघण्यासारखी आहे. 1988 च्या 'पूल ऑफ रेडियन्स'सोबत छापील पुस्तिका यायची. खेळता खेळता पडद्यावर सूचना उमटायची की अमुक क्रमांकाची नोंद वाचा. मग पुस्तिका उघडून तो परिच्छेद शोधायचा: कुणाचं पत्र, एखादा नकाशा, गुत्त्यात कानावर आलेली कुजबुज. फ्लॉपीवर जागा कमी, म्हणून मजकूर कागदावर. त्यात काही नोंदी मुद्दाम खोट्या घातलेल्या असत, म्हणजे आधीच पानं चाळणारा फसावा. तुळजापूरकडं रात्रभर गोंधळ ऐकलेल्या माणसाला यातली ताकद वेगळी सांगायला नको. संबळ, तुणतुणं आणि शब्द एवढ्यावर तिथं रण उभं राहतं. या खेळांचा सगळा डोलारा शब्दांवर आणि नियमांवर होता, आणि शब्द स्वस्त होते. पुढचं सगळं समजायला एवढं ध्यानात ठेवावं.

पहिली घसरण 1993 ते 1996 ची. 'पूल ऑफ रेडियन्स' काढणाऱ्या एसएसआय कंपनीनं त्याच इंजिनावर, म्हणजे खेळ चालवणाऱ्या त्याच मूळ सॉफ्टवेअरवर, चार-पाच वर्षांत डझनाच्या आसपास खेळ काढले. खेळणाऱ्यांना ते तेच ते वाटू लागलं. तेवढ्यात सीडी-रॉम आली, 1993 मध्ये 'मिस्ट' आणि 'डूम' आले, आणि दुकानात गिऱ्हाईक आधी चित्र बघू लागलं. ओरिजिन ही गॅरियटची कंपनी 1992 मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनं विकत घेतली. 1994 च्या 'अल्टिमा 8' मध्ये सोबत्यांची टोळी गेली, एकटा नायक उरला आणि तो दगडांवरून उड्या मारत सुटला. त्या उड्या इतक्या त्रासदायक होत्या की त्या सोप्या करणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाईल, काढावा लागला. मालिकेवर जीव टाकणाऱ्यांना हे किती लागलं असेल, हे ज्यानं दोनच वर्षं आधीचा 'अल्टिमा 7' खेळलाय त्याला कळेल.

बरेच जण इथंच 'अंत' लिहितात. मला ते पटत नाही. कारण लगेच 1997 मध्ये 'फॉलआउट' आला, 1998 च्या डिसेंबरात 'बाल्डर्स गेट', 1999 मध्ये 'प्लेनस्केप: टॉर्मेंट', 2001 मध्ये 'आर्केनम'. लेखनाच्या बाबतीत तर यातले दोन-तीन खेळ आधीच्या सगळ्यांच्या वर आहेत. खरी पडझड त्यानंतरची. 2003 च्या डिसेंबरात 'फॉलआउट' आणि 'बाल्डर्स गेट' बाजारात आणणाऱ्या इंटरप्ले कंपनीनं आपला ब्लॅक आयल स्टुडिओ बंद केला. 'फॉलआउट' घडवणाऱ्यांपैकी तिघांनी काढलेल्या ट्रॉयका कंपनीचा 'व्हॅम्पायर: ब्लडलाइन्स' 16 नोव्हेंबर 2004 ला बाजारात आला, नेमका 'हाफ-लाइफ 2' आला त्याच दिवशी. खेळ बग्जनी, म्हणजे प्रोग्रॅममधल्या चुकांनी, भरलेला, समोर वर्षातला सगळ्यात गाजणारा खेळ. 2005 मध्ये ट्रॉयकाही बंद पडली.

खेळणारे संपले म्हणून हे झालं असं नाही. 'बाल्डर्स गेट'चे दोन्ही भाग उत्तम खपले होते. बदलला तो खर्च. शब्द लिहून पडद्यावर दाखवणं एक, आणि तोच शब्द नटाकडून म्हणवून घेऊन, तोंडाची हालचाल जुळवून, त्रिमितीत उभा करणं वेगळं. एकाच कंपनीचे दोन खेळ शेजारी ठेवले की फरक दिसतो. बेथेस्डाच्या 2002 च्या 'मॉरोविंड' मध्ये गावातला माणूस लेखी पत्ता सांगतो: पूल ओलांड, डावीकडं वळ, टेकडीच्या पायथ्याशी बघ. चुकलात तर चुकलात, परत डायरी वाचा. 2006 च्या 'ऑब्लिव्हियन' मध्ये सगळी पात्रं बोलतात, पण थोडकं बोलतात, आणि वाट होकायंत्रावरची खूण दाखवते. प्रत्येक वाक्य रेकॉर्ड करायचं म्हटलं की पहिली कात्री वाक्यांनाच लागते. बजेट वाढलं की गिऱ्हाईकही जास्त लागतं, आणि ते एक्सबॉक्स-प्लेस्टेशनवर, टीव्हीपासून लांब सोफ्यावर बसलेलं. तिथं बारीक अक्षरं आणि आकड्यांचे तक्ते चालत नाहीत. नाकापेक्षा मोती जड झाला आणि मधल्या आकाराच्या कंपन्या वाकल्या.

मराठवाड्यात पीसी आणि सायबर कॅफे घराघरात, गल्लीबोळात पोचले ते नेमके याच पडत्या काळात. लातूरच्या ट्यूशन एरियात किंवा संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यात कॅफेचा भाव तासावर. क्लास सुटल्यावर खिशात तासाभराचे पैसे असलेला पोरगा 'काउंटर-स्ट्राइक' लावणार, 'व्हाइस सिटी' लावणार. ज्या खेळात पहिला तास पात्र घडवण्यात आणि इंग्रजी वाचण्यात जातो तो लावणार कसा? त्यात भारनियमन. सेव्ह केलेली फाईल दुसऱ्या दिवशी त्या मशीनवर सापडेल याचा भरवसा नाही. शिवाय हे खेळ कुणीतरी शेजारी बसून समजावून द्यावे लागतात, आणि असा मोठा भाऊ, असा दादा इथं तयारच झाला नाही, कारण त्याच्या पिढीनं ते पाहिलेच नव्हते. बंगळुरू-पुण्यातही तेव्हा या खेळांचा वर्ग छोटाच होता. आपल्याकडं तो जवळजवळ नव्हताच. आपल्या भागातल्या खेळप्रेमींची ही खरी हानी आहे असं मला वाटतं, कारण या माध्यमात लेखन कुठवर जाऊ शकतं ते त्याच खेळांत दिसतं.

पुन्हा उभारी आली ती 2012 पासून. इंटरप्लेचे संस्थापक ब्रायन फार्गो यांनी 'वेस्टलँड 2'साठी किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर थेट खेळणाऱ्यांकडं पैसे मागितले आणि जवळपास 30 लाख डॉलर जमले. त्याच वर्षी ऑब्सिडियन कंपनीनं 'पिलर्स ऑफ इटर्निटी'साठी सुमारे 40 लाख उभे केले. लॅरियन ही बेल्जियमची कंपनी त्याच वाटेनं 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन'पर्यंत आली, आणि तिथून 'बाल्डर्स गेट 3'पर्यंत. 2019 चा 'डिस्को एलिसियम' तर लढाईची वेगळी व्यवस्थाच न ठेवता निव्वळ संवादांवर चालतो.

1997 ते 2001 मधले ते खेळ आज डिजिटल दुकानांत सवलतीच्या काळात अगदी थोडक्या पैशांत मिळतात आणि ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतात. सुरुवात करायची तर 'फॉलआउट'पासून करावी. तो छोटा आहे, आणि नियम हळूहळू अंगवळणी पडतात. अडचण भाषेची आहे. वर नावं घेतलेल्यांपैकी एकही खेळ अधिकृतपणे मराठीत आलेला नाही, आणि 'टॉर्मेंट'सारख्या खेळातला लाखो शब्दांचा मजकूर मराठीत आणायचा तर ते काम एखाद्या मोठ्या कादंबरीच्या अनुवादाहूनही मोठं आहे.