गादी काळी का दिसली? एमआरआय रिपोर्टमागचं भौतिकशास्त्र

आईच्या कंबरेचा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये एक ओळ होती: 'एल४-एल५ डिस्क डेसिकेशन, टी२ प्रतिमेत सिग्नल कमी.' डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली. मणक्यांच्या मधल्या वरच्या गाद्या पांढुरक्या दिसत होत्या, खालून दुसरी, म्हणजे हीच एल४-एल५, मात्र काळी. घरी येईपर्यंत आई गप्प होती. मग म्हणाली, "अगं, काळी पडली म्हणजे जळली का ती?"

"नाही गं आई, जळली नाही, सुकलीय," मी म्हटलं. उत्तर खरं होतं, पण त्यानं तिचं समाधान झालं नाही. सुकलेली गोष्ट काळी का दिसावी? टी२ म्हणजे काय? आणि सिग्नल कमी म्हणजे कुणाचा सिग्नल? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. रिपोर्टमधल्या इंग्रजी शब्दांनी धास्तावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्याच्या शरीराबद्दल ते शब्द लिहिलेत, त्याला ते कळायलाच हवेत असं मला फार वाटतं. आणि ते कळण्यासारखे आहेत.

सिग्नल कुणाचा, इथून सुरुवात करू. तो येतो हायड्रोजनकडून. आपल्या शरीराच्या वजनातलं साठ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं आणि पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू. चरबीतही हायड्रोजन भरपूर. या अणूचं केंद्रक म्हणजे एकटा प्रोटॉन, आणि प्रत्येक प्रोटॉन हा एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. हे चुंबकत्व ज्या गुणातून येतं त्याला भौतिकशास्त्रात स्पिन म्हणतात. एरवी शरीरातले हे चुंबक वाटेल त्या दिशांना तोंड करून असतात आणि एकमेकांचा परिणाम पुसून टाकतात.

एमआरआयच्या बोगद्यात शिरलं की चित्र बदलतं. तिथं साधारणपणे १.५ टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र असतं, म्हणजे आपल्याकडच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट. एवढ्या क्षेत्रात सगळे प्रोटॉन शिस्तीत एका रांगेत उभे राहतात अशी चित्रं पुस्तकांत असतात, पण ती फसवी आहेत. शरीराच्या उष्णतेमुळे रेणूंची धडपड सतत चालू असते, आणि चुंबकाला झुकतं माप मिळतं ते अगदी नाममात्र: १० लाख प्रोटॉनांमागे क्षेत्राच्या दिशेनं असणारे जेमतेम ५ जास्त. सगळा एमआरआय या पाचांच्या जिवावर चालतो. हे जमतं, कारण पाण्यात प्रोटॉनांना तोटा नाही. एका घन मिलिमीटर पाण्यातही असे जास्तीचे प्रोटॉन सुमारे ३०० लाख कोटी निघतात.

आता भोवरा आठवा. जोरात फिरणारा भोवरा जरा कलला की त्याचा अक्षही गोल फिरू लागतो. पृथ्वीचा अक्षही असाच फिरतो, आणि मराठी खगोलशास्त्राच्या पुस्तकांनी त्या गतीला परांचन हा छान शब्द दिला आहे. चुंबकीय क्षेत्रातला प्रोटॉन हेच करतो. त्याचा वेग ठरलेला असतो: १ टेस्लाला सेकंदाला ४.२५८ कोटी फेरे. म्हणजे १.५ टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झ आणि ३ टेस्लाच्या यंत्रात सुमारे १२८. जोसेफ लार्मर या आयरिश भौतिकशास्त्रज्ञाच्या नावानं या आकड्याला लार्मर वारंवारता म्हणतात. रेडिओवरचं एफएम ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवर चालतं. म्हणजे आपले प्रोटॉन एफएमच्या शेजारच्याच पट्ट्यात फिरत असतात. बाहेरच्या लहरींची भेसळ होऊ नये म्हणून एमआरआयच्या खोलीच्या भिंती आतून तांब्यानं मढवलेल्या असतात, त्या यासाठीच.

झोक्याला त्याच्या लयीत हलके धक्के देत राहिलं की झोका चढत जातो. लय चुकवून कितीही जोर लावा, तो चढत नाही. प्रोटॉनांना नेमक्या ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरींचा धक्का दिला की ते मुख्य क्षेत्राची दिशा सोडून आडवे होतात आणि सगळे एका तालात फिरू लागतात. 'मॅग्नेटिक रेझोनन्स' मधला रेझोनन्स, म्हणजे अनुनाद, तो हाच. धक्का थांबवला की आडव्या फिरणाऱ्या या चुंबकत्वामुळे जवळच्या तारेच्या वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. सायकलच्या डायनामोमध्ये चुंबक फिरल्यावर व्हायची तशीच. तोच सिग्नल.

पूर्वी या तंत्राच्या नावात 'न्यूक्लिअर' हा शब्द होता. रुग्ण बिचकतात म्हणून तो काढला. त्याचा अर्थ अणूचं केंद्रक एवढाच होता, पण भीती अजून गेलेली नाही. "किती किरणं गेली अंगात?" हा आईचा दुसरा प्रश्न होता. क्ष-किरणाच्या एका कणाची ऊर्जा आणि या रेडिओलहरीच्या एका कणाची ऊर्जा यांत हजारो कोटी पटींचा फरक आहे. या लहरी शरीर थोडं गरम करू शकतात, म्हणूनच यंत्रात रुग्णाचं वजन विचारून मर्यादा घालतात. पण अणू फोडायचं किंवा पेशीतली जनुकं तोडायचं बळ त्यांच्यात नाही.

धोका आहे तो चुंबकाचा, आणि त्याबद्दल बोलताना आवाज मुद्दाम चढवावासा वाटतो. हा चुंबक कायम चालू असतो. त्याच्या वेटोळ्यातली नायोबियम-टायटेनियमची तार द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसवर ठेवलेली असते. त्या तापमानाला तिचा विद्युतरोध शून्य होतो आणि एकदा सोडलेला प्रवाह वर्षानुवर्षं फिरत राहतो. रात्री, सुट्टीच्या दिवशी, इमारतीची वीज गेली तरीही. २०१८ च्या जानेवारीत मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक सिलिंडरसकट यंत्राकडे ओढला गेला आणि दगावला. तंत्रज्ञ किल्ल्या, पिना, मोबाइल बाहेर ठेवायला सांगतात, पेसमेकर आहे का म्हणून तीन-तीनदा विचारतात, ते याचसाठी. त्यांच्यावर कृपया चिडू नका.

सिग्नल मिळाला, पण तो शरीराच्या कुठल्या भागातून आला हे कसं कळणार? अनुनादाचा शोध जुना आहे. इझिडोर राबी यांनी १९३८ मध्ये रेणूंच्या झोतात तो पाहिला. १९४६ मध्ये हार्वर्डला एडवर्ड पर्सेल आणि स्टॅनफर्डला फेलिक्स ब्लॉख यांनी घन आणि द्रव पदार्थांत तो टिपला. या कथेतलं एक नाव आपल्याकडे फार कमी जणांना माहीत आहे: एस. एस. धर्मट्टी. स्टॅनफर्डमध्ये आर्नल्ड आणि पॅकार्ड यांच्याबरोबर १९५१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की अल्कोहोलच्या एकाच रेणूतले हायड्रोजन तीन वेगवेगळ्या वारंवारतांवर सिग्नल देतात. पुढे हेच धर्मट्टी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तिथं या विषयाची प्रयोगशाळा उभी केली. त्याच सुमारास बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन वाहत्या द्रवावर असेच प्रयोग करत होते. वाहतं रक्त स्थिर ऊतींपेक्षा वेगळा सिग्नल देतं, आणि आज रक्तवाहिन्यांचा एमआरआय त्यावरच बेतलेला आहे.

तरीही जवळजवळ पंचवीस वर्षं हे सगळं परीक्षानळीपुरतंच राहिलं. सिग्नलला पत्ता नव्हता. तो दिला अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ पॉल लाउटरबर यांनी, आणि युक्ती ऐकल्यावर वाटतं की ही तर कुणालाही सुचली असती. फिरण्याचा वेग क्षेत्रावर अवलंबून आहे ना? मग क्षेत्रच मुद्दाम चढतं करा, एका बाजूला किंचित कमी, दुसऱ्या बाजूला किंचित जास्त. आता डावीकडचे प्रोटॉन खालच्या सुरात आणि उजवीकडचे वरच्या सुरात बोलतील. डोळे मिटून पेटी ऐकताना पट्टी डावीकडची वाजली की उजवीकडची, हे सुरावरून कळतं तसं. २० सेंटिमीटर रुंद डोक्याच्या दोन टोकांमध्ये २ मिलिटेस्लाचा फरक ठेवला तर दोन सुरांत सुमारे ८५ किलोहर्ट्झचं अंतर पडतं. सगळे सूर एकदमच कानावर येतात. त्यांची फोड करून प्रत्येक सूर किती जोरात होता हे काढण्याचं गणित मात्र फ्रेंच गणितज्ञ फूरिये यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवलं होतं. लाउटरबर यांनी जड पाण्यात (त्यातल्या हायड्रोजनचं केंद्रक वेगळं, म्हणून ते या सुरात बोलत नाही) साध्या पाण्याच्या दोन बारीक नळ्या ठेवून त्यांची प्रतिमा काढली. 'नेचर' नियतकालिकानं तो शोधनिबंध आधी नाकारला, मग १९७३ मध्ये छापला. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या पीटर मॅन्सफिल्ड यांनी प्रतिमा झटपट मिळवण्याच्या पद्धती शोधल्या. दोघांना २००३ चं नोबेल मिळालं.

क्षेत्राला असा चढ देणाऱ्या वेटोळ्यांतला प्रवाह क्षणोक्षणी चालू-बंद होतो. मुख्य चुंबकाच्या क्षेत्रात त्यांना हिसके बसतात आणि ती ढोलाच्या पानासारखी थरथरतात. बोगद्यातला तो ठणठणाट याचा आहे. यंत्र बिघडलेलं नसतं.

पाणी कुठं आहे एवढंच कळलं असतं तर एमआरआय इतका मोलाचा ठरला नसता, कारण मेंदूतही पाणी, गाठीतही पाणी, स्नायूतही पाणी. फरक पडतो तो पाणी कसं आहे याचा. रेडिओलहरींचा धक्का संपल्यावर प्रोटॉनांत दोन गोष्टी एकदमच सुरू होतात आणि दोन्हींना आपापला काळ असतो. टी१ आणि टी२ हे ते दोन काळ. रिपोर्टमधल्या निम्म्या शब्दांची किल्ली इथं आहे.

टी१ म्हणजे आडवे पडलेले प्रोटॉन घेतलेली ऊर्जा आजूबाजूला देऊन पुन्हा मूळ दिशेला यायला लागणारा काळ, नेमकं सांगायचं तर ६३ टक्के पूर्ववत व्हायला लागणारा. चरबीचे लांबलचक रेणू साधारण लार्मर वारंवारतेच्या जवळपासच्या गतीनं हेलकावत असतात, त्यामुळे त्यांना ऊर्जा चटकन सोडता येते. १.५ टेस्लाला चरबीचा टी१ सुमारे पाव सेकंद. मोकळ्या पाण्याचे रेणू त्यामानानं फारच वेगानं गरगरतात, म्हणून पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यासारख्या द्रवाचा टी१ चार सेकंदांच्या आसपास जातो. आता दर अर्ध्या सेकंदाला नवा धक्का दिला तर? चरबी तोवर बरीचशी सावरलेली असते, द्रव अजून पडूनच. चरबी पांढरी, द्रव काळा. ही झाली टी१ प्रतिमा.

टी२ वेगळाच आहे. धक्क्यानंतर सगळे प्रोटॉन एका तालात फिरतात, लेझीम पथकाच्या पहिल्या ठोक्यासारखे. पण प्रत्येकाला शेजारच्या चुंबकांचे बारीक धक्के बसतात, कुणी किंचित पुढे जातो, कुणी मागे पडतो. ताल विस्कटतो आणि एकत्रित सिग्नल विरून जातो. सिग्नल ३७ टक्क्यांवर यायला लागणारा काळ म्हणजे टी२. (चुंबकातल्या स्थिर असमानतेमुळे होणारा विस्कोट १९५० मध्ये अर्विन हान यांनी शोधलेल्या 'स्पिन एको' या युक्तीनं परत जुळवता येतो. पळत सुटलेल्या मुलांना मधेच 'मागे फिर' म्हटलं की जोरात पळणारे जास्त लांबून आणि हळू पळणारे कमी अंतरावरून, सगळे एकदमच रेघेवर परततात, तसं. वाटेत एकमेकांवर आदळलेल्यांचं मात्र काही करता येत नाही. खरा टी२ त्यांचा.)

मोकळ्या पाण्यात रेणू इतक्या वेगानं गरगरतात की शेजाऱ्यांचे धक्के एकमेकांना पुसून टाकतात. ताल पुष्कळ टिकतो, दोन सेकंदांपर्यंत. मेंदूच्या पांढऱ्या भागात पाणी पेशींमध्ये, आवरणांमध्ये अडकलेलं असतं, तिथं टी२ साधारण ८० मिलिसेकंद. धक्क्यानंतर १०० मिलिसेकंद थांबून ऐकलं तर द्रवाचा सिग्नल जवळजवळ ९५ टक्के शिल्लक असतो आणि पांढऱ्या भागाचा तीस टक्क्यांहूनही कमी. म्हणून टी२ प्रतिमेत पाणी पांढरं शुभ्र. हातात फिल्म आली की मज्जारज्जूभोवतीचा किंवा मेंदूतला द्रव बघा. पांढरा असेल तर टी२, काळा असेल तर बहुधा टी१. सूज म्हणजे जास्तीचं पाणी, म्हणून सूज टी२ मध्ये उजळते. रिपोर्टमध्ये ते 'हायपरइंटेन्स' म्हणून येतं. शब्द भीतीदायक, अर्थ फक्त 'आजूबाजूपेक्षा उजळ'. 'फ्लेअर' ही टी२ चीच बहीण, फक्त तिच्यात मोकळ्या द्रवाचा सिग्नल मुद्दाम दाबलेला असतो, म्हणजे त्याच्या झगमगाटात शेजारचे लहान डाग हरवत नाहीत. आणि 'कॉन्ट्रास्ट' म्हणून शिरेतून देतात ते गॅडोलिनियमचं संयुग. गॅडोलिनियममध्ये सात एकटे इलेक्ट्रॉन असतात, ते जवळच्या पाण्याचा टी१ खूप कमी करतात. जिथं ते झिरपतं, तो भाग टी१ मध्ये उजळतो. हे द्रव्य मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून आधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात का हे सांगणारी रक्ततपासणी, बघतात.

आता आईची गादी. तरुण माणसाच्या गादीचा गाभा जेलीसारखा असतो, त्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी. प्रोटिओग्लायकन नावाचे मोठे रेणू ते पाणी धरून ठेवतात. ते पाणी बऱ्यापैकी मोकळं, त्याचा ताल टिकतो, टी२ मध्ये गाभा पांढरा. वयाबरोबर हे रेणू तुटतात, पाणी कमी होतं, आणि उरलेलं कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांना चिकटून राहतं. एक तर गाणारे कमी, त्यात जे उरले त्यांचा ताल लगेच विस्कटतो. आपण ऐकायला लागेपर्यंत तिथं शांतता. ती शांतताच फिल्मवर काळी छापलेली असते. कंबर कधीच न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या मणक्यांतही अशा काळ्या गाद्या सापडतात, हेही मी आईला सांगितलं. त्यामुळे दुखणं त्या गादीचंच आहे का, हे फिल्म एकटी ठरवू शकत नाही. डॉक्टरांनी पाय उचलायला लावून, बोटांची ताकद बघून जे तपासलं, तेही तेवढंच महत्त्वाचं होतं.

आईनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मग जास्त पाणी प्यायले तर भरून येईल का?"

नाही येणार, कारण कमी पडलंय ते पाणी धरून ठेवणारे रेणू. पण तिच्या प्रश्नात एक खरी गोष्ट आहे. मोठेपणी गादीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. पाणी तिथं वरखालच्या मणक्यांतून आणि कडेनं झिरपतच जातं. दिवसभराच्या भारानं ते पिळून बाहेर येतं आणि रात्री आडवं झालं की पुन्हा आत जातं. म्हणून सकाळी उठल्या उठल्या आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं दाराच्या चौकटीला पाठ लावून पेन्सिलीनं खूण करून घेतली, आणि रात्री झोपण्याआधी दुसरी.