सिंगापूरला दिवसभराचा थांबा असेल तर
नाशिकहून मेलबर्न-सिडनीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

मुलाकडे किंवा लेकीकडे ऑस्ट्रेलियाला निघालेल्या बऱ्याच कुटुंबांच्या तिकिटात सिंगापूरला 12-13 तासांचा थांबा असतो. विमानतळावर बसून राहण्यापेक्षा गावात चक्कर मारून येणं सहज जमतं, पण हिशोब उलटा करावा लागतो: परत कधी यायचं ते आधी, काय बघायचं ते नंतर.

समजा तुम्ही सकाळी 7:30 ला उतरलात आणि पुढचं विमान रात्री 8:30 ला आहे. उतरणं, इमिग्रेशन, हातातल्या बॅगा सामानघरात ठेवणं यात दीड तास जातो. सुटण्याआधी 3 तास, म्हणजे 5:30 ला, विमानतळावर परत हवं. जायला एक तास आणि यायला एक तास धरा. 13 तासांतले हातात उरतात सकाळी 10 ते दुपारी 4:30, साडेसहा तास. त्यातच जेवण.

शिवाय सिंगापूरचे साडेसात म्हणजे आपले पहाटेचे पाच. आदल्या दुपारी नाशिकहून गाडी काढून, घाट आणि भिवंडीची कोंडी पार करून मुंबई गाठलेली. रात्रीची झोप जेमतेम चार तास. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तर दोन ठिकाणं आणि एक जेवण, एवढंच ठरवा. सेंटोसा आणि युनिव्हर्सल स्टुडिओ या दिवसात कोंबू नका.

बाहेर पडता येईल का?

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. मात्र ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा वैध व्हिसा असून तिसऱ्या देशाला जाता-येता सिंगापूर लागत असेल, तर 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडता येतं. पुढचं तिकीट पक्कं हवं, पासपोर्टची मुदत किमान 6 महिने हवी. परवानगीचा शेवटचा शब्द तिथल्या अधिकाऱ्याचा. नुसता बालीचा, म्हणजे इंडोनेशियाचा, व्हिसा असेल तर ही सवलत नाही. इंडोनेशिया त्या यादीत नाही.

घोटाळा बहुतेक वेळा परतीच्या प्रवासात होतो. एकाहून जास्त वेळा प्रवेश देणाऱ्या (मल्टिपल एंट्री) व्हिसाची मुदत सिंगापूरला उतरता त्या दिवसापासून किमान एक महिना शिल्लक हवी. आजींचा व्हिसा तीन आठवड्यांत संपत असेल तर चौघं बाहेर आणि आजी आत, अशी वेळ येते. म्हणून प्रत्येकाचा व्हिसा वेगळा तपासा, बाळाचासुद्धा. ऑस्ट्रेलियाचा व्हिसा पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. त्याच्या पत्राची छापील प्रत हातातल्या पिशवीत ठेवा.

एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरच्या प्रवेशाचा फॉर्म, उतरण्याच्या दिवसासह 3 दिवसांच्या आत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणाऱ्या संकेतस्थळावर असाल तर चुकीच्या जागी आहात. ईमेल चालू असलेला द्या, कारण पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवसांची परवानगी आहे ते ईमेलवर येतं.

सामान

मुंबईला बोर्डिंग पासबरोबर मिळणारी सामानाची चिकटपट्टी काउंटरवरच वाचा. मेलबर्नसाठी एमईएल, सिडनीसाठी एसवायडी ही अक्षरं हवीत. एसआयएन असेल तर बॅगा सिंगापूरलाच उतरतील. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर हे हमखास होतं; मग बॅगा घ्या, ठेवा, पुन्हा चेक-इन करा, यात दीड-दोन तास आणखी वजा.

गुटखा, खैनी, जर्दा, तंबाखूची मशेरी काहीही जवळ नको. सिंगापूरमध्ये बंदी आहे, आणि "आम्ही फक्त बदलतोय विमान" हे कारण चालत नाही. च्युइंगम आणि ई-सिगारेटही नको. चिवडा आणि मनुका ऑस्ट्रेलियात उतरताना तिथल्या प्रवेशाच्या कार्डावर जाहीर करा. ताजी द्राक्षं घरीच खाऊन निघा.

कसं फिरायचं

विमानतळाच्या मेट्रोने एक्स्पोला उतरून निळी डाउनटाउन लाइन धरा. ती थेट बेफ्रंटला नेते. तिथून भुयारी वाटेने गार्डन्स बाय द बे. तिथले सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे उंच मनोरे, बघायला तिकीट नाही. तिकीट लागतं ते काचेच्या दोन घुमटांना, आणि आमच्या मते एकच घ्यायचा तर क्लाउड फॉरेस्ट: आत 35 मीटरचा धबधबा आणि गारवा. सुपरट्रीवरचा दिव्यांचा खेळ रात्री असतो, तो या दिवसात बसत नाही.

जेवायला त्याच निळ्या लाइनवर चौथं स्टेशन, लिटल इंडिया. सेरंगून रोडवर 1947 पासूनचं कोमला विलास आहे: शुद्ध शाकाहारी, डोसा, भात, सांबार. मुलांचं आणि आजोबांचं दोघांचंही भागतं. नंतर बुगिसला हिरवी लाइन बदलून रॅफल्स प्लेस. तिथून चालत मर्लायन, सिंहाचं तोंड आणि माशाचं अंग असलेला 8.6 मीटरचा पुतळा. फोटोला अर्धा तास पुरे. परतीला हिरवी लाइन, तनाह मेराला बदल.

मेट्रोच्या गेटवर बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड चालतं, पण एका कार्डावर एकच माणूस. पाच जणांना पाच कार्डं लागतात, नाहीतर स्टेशनवर प्रवासाचे पास घ्या. 0.9 मीटरहून कमी उंचीच्या मुलाला तिकीट नाही. डब्यात आणि स्टेशनवर खाणं-पिणं मना, दंड 500 डॉलरपर्यंत. रडणाऱ्या मुलाच्या हातात बिस्कीट देण्याआधी स्टेशनबाहेर पडा. ॲपवरून गाडी मागवलीत तर 1.35 मीटरहून कमी उंचीच्या मुलासाठी खास सीट लागते, साध्या टॅक्सीत नाही. दुपारी पाऊस धरून चाला, छत्री हवी.

विमान कंपनीची व्हीलचेअर गावात येत नाही. थांबा 8 तासांहून कमी असेल तर विमानतळाचीच फुकट सहल बरी: सुमारे अडीच तासांची, बसने नेऊन आणतात. किमान साडेपाच तासांचा थांबा हवा, व्हिसाचे नियम तेच. नोंदणी होईपर्यंत इमिग्रेशन पार करू नका.

विमानतळाला लागून असलेल्या ज्वेल या मॉलमधला 40 मीटरचा धबधबा परत आल्यावर, पण इमिग्रेशनच्या आत जाण्याआधी बघा. तो बाहेरच्या बाजूला आहे. टर्मिनल 1, 2, 3 ला सुरक्षा तपासणी गेटवरच होते, पाण्याची बाटली तिथे रिकामी करावी लागते. गेटवर तासभर आधी पोचा.

उशीर होतोय असं दिसलं तर विमान सुटण्याआधी कंपनीला फोन करा. न कळवता विमान चुकलं तर "आलेच नाहीत" अशी नोंद होऊन त्याच तिकिटावरचा परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो. कंपनीचा सिंगापूरचा नंबर तिकिटाच्या पहिल्या पानावर आम्ही लिहून देतो, तो मोबाइलमध्ये घालून ठेवा.